चंद्रपूरचा परकोट

चंद्रपूरचा परकोट गोंडकालीन, सुमारे 11 किलोमीटर लांबीचा. बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’ संस्थेच्या तरुणांनी 1 मार्च 2017 पासून रोज सकाळी त्याची सफाई आरंभली. त्याच वर्षी ‘मन की बात’मध्येही या सफाईचा उल्लेख झाला.

काम वरवरचे नव्हते. पिंपळाचे मूळ सांध्यात शिरले की चिरे सुटतात आणि नुसते खोड छाटले तर पुन्हा फुटवा येतो. बुरुजांवर चढून झुडपे काढायची, माती-कचरा उपसायचा, भिंतीवरची वाट मोकळी करायची.

वास्तू पुरातत्त्व खात्याची, घाम मात्र गावातल्या पोरांचा. पुढे याच वाटेवर ‘हेरिटेज वॉक’ सुरू झाला.