पथ्य: पर्यायी आणि पूरक

'पथ्य' हा शब्द आपल्या भाषेत जितका जुना तितकाच घरगुती आहे. वैद्याच्या पोथीत तो आहे आणि आजीच्या बोलण्यातही आहे. लोलिंबराजाच्या 'वैद्यजीवन' या ग्रंथात पथ्याचा जो प्रसिद्ध विचार आला आहे, त्याला दोन बाजू आहेत. एका बाजूने पथ्य औषधाची जागा घेते. दुसऱ्या बाजूने ते औषधाला बळ देते. आजच्या परिभाषेत पहिल्या बाजूला 'पर्यायी' म्हणतात आणि दुसरीला 'पूरक'. बोलताना आपण हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांच्या आहार, व्यायाम आणि उपचारांचा गेल्या चार दशकांचा इतिहास पाहू गेल्यास या दोन शब्दांमधले अंतर जीवन आणि मरण यांच्यातील अंतराएवढे आहे, असे आम्हांस दिसते.

भारतात या विषाणूची लागण प्रथम १९८६ साली चेन्नईत उघडकीस आली. पुढे १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती जगात रूढ झाली आणि श्रीमंत देशांतील मृत्यू झपाट्याने घटले. आपल्याकडे मात्र ही औषधे सामान्यांच्या आवाक्यात नव्हती. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला सुमारे एका डॉलरात, हे औषध देऊ केले तेव्हा जग चकित झाले. तरी मजुरी करणाऱ्याला तेही परवडणारे नव्हते. सरकारी खर्चाने मोफत उपचार सुरू झाले ते १ एप्रिल २००४ रोजी. महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून. म्हणजे औषध अस्तित्वात आहे पण आपल्यासाठी नाही, अशी आठ वर्षे गेली.

या आठ वर्षांचा विचार आम्ही मुंबईहून न करता परभणी जिल्ह्यातील पालमहून करू इच्छितो. गंगाखेड-पालमच्या या भागातून दरसाल कित्येक कुटुंबे उचल घेऊन, कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. अशा गावी रोगाचे नाव कळले तरी पुढे काय, याचे उत्तर त्या काळी एकच होते: खाणे सांभाळा, जिवाला जपा. पथ्य हेच तेव्हा औषध होते, कारण दुसरे औषधच नव्हते. जडीबुटीवाले, भस्मवाले आणि 'खात्रीशीर इलाज' करणारे या पोकळीत शिरले. अशा औषधांना आळा घालणारा कायदा होता. औषध नियमावलीच्या अनुसूची 'जे'मध्ये, जे रोग बरे करण्याचा दावा करता येत नाही त्यांत एड्सचे नाव आहे. पण ज्याला दुसरी वाटच नाही, त्याला हा नियम कोण सांगणार? त्या माणसांना अंधश्रद्ध म्हणून हिणवणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्यांनी पर्याय निवडला नव्हता. त्यांच्यापुढे निवडायला दुसरे काही नव्हते.

औषध हाताशी असताना पर्यायाचा आग्रह धरणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी लसूण, लिंबू आणि बीट यांची भलामण केली. २००६ च्या टोरांटो परिषदेत त्यांच्या देशाच्या दालनात हेच पदार्थ मांडले गेले. औषधवाटपातील विलंबामुळे त्या देशात २००० ते २००५ या काळात तीन लाखांहून अधिक जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली मांडला. लसूण बिचारी निर्दोष. तिला औषधाच्या जागी बसवणे हा दोष. शिवाय सोबत घेतलेली वस्तू नेहमीच पूरक असते असेही नाही. लसणाच्या गोळ्यांनी सॅक्विनाव्हिर या औषधाचे रक्तातील प्रमाण सुमारे निम्म्यावर येते, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आज सर्रास दिल्या जाणाऱ्या डोल्युटेग्राव्हिरबरोबर लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या, तर औषध नीट शोषले जात नाही. म्हणून 'आणखी काय घेता?' हा डॉक्टरांचा प्रश्न चौकशीचा नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

मग पूरक म्हणजे नेमके किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या तज्ज्ञांनी दिलेले उत्तर फार साधे आहे. लक्षणे नसलेल्या बाधिताला नेहमीपेक्षा सुमारे १० टक्के अधिक ऊर्जा लागते. आजारपणात प्रौढाला २० ते ३० टक्के. वजन घटणाऱ्या मुलाला ५० ते १०० टक्के. प्रथिनांचे प्रमाण निरोगी माणसापेक्षा वाढवावे, याला मात्र पुरावा मिळाला नाही. दोन हजार उष्मांकांवरचे १० टक्के म्हणजे दोनशे: ज्वारीची एक चांगली भाकरी, किंवा मूठभर शेंगदाणे. महागड्या डब्यांतील पावडरींची जाहिरात वाचताना ही भाकरी आठवावी. आणि ज्या घरात ती एक जादा भाकरी नाही, तिथे आहाराचा सल्ला हा मजुरीचा आणि रेशनचा प्रश्न होतो, हेही आठवावे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांचा समावेश झाला, तो म्हणूनच आम्हांस आरोग्याच्या इतिहासातील प्रसंग वाटतो.

व्यायामाची कथा याहून विचित्र आहे. युगांडात १९८५ साली या रोगाचे वर्णन झाले ते 'स्लिम', म्हणजे रोडावण्याचा रोग, या नावाने. वजन टिकवणे हीच तेव्हा लढाई होती. पुढे स्टॅव्ह्युडीनने गाल आणि हातपाय वाळवले. आता नव्या औषधांवर काहींचे वजन वाढते. बेताचा व्यायाम बाधितांना सुरक्षित आहे आणि त्याने दमसास वाढतो, असे अभ्यास सांगतात. पण दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईला 'चालायला जात जा' असे सांगणारे पत्रक कोणासाठी लिहिले गेले? मराठीत 'व्यायाम' आणि 'कष्ट' हे वेगळे शब्द आहेत. पहिल्यात शरीर स्वतःसाठी श्रमते, दुसऱ्यात दुसऱ्यासाठी. तिला बहुधा व्यायामाहून विश्रांतीच अधिक पूरक ठरावी.

२०१७ पासून निदान होताच, सीडी-४ पेशींची संख्या न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण देशाने स्वीकारले. लातूर जिल्ह्यातील हासेगावात रवी बापटले यांनी २००७ साली सुरू केलेल्या 'सेवालया'सारख्या ठिकाणी बाधित मुले लहानाची मोठी झाली. नियमित गोळी, पोटभर जेवण, शाळा आणि खेळ यांतले काहीच तिथे दुसऱ्याच्या बदल्यात देऊन चालणार नव्हते.

पथ्याच्या त्या जुन्या विचाराची पहिली बाजू आम्ही त्या आठ वर्षांच्या स्मृतीसाठी जपून ठेवू. व्यवहारात मात्र दुसरीच पाळावी लागेल. भाषेच्या विद्यार्थ्यांना यात एक लहानसे काम आहे. पत्रक असो, भाषांतर असो वा वर्गातले बोलणे असो, जिथे 'पूरक' म्हणायचे आहे तिथे 'पर्यायी' हा शब्द येऊ देऊ नये. पालमच्या एखाद्या घरात तो शब्द वाचूनच गोळीची बाटली फळीवर तशीच ठेवली जाऊ शकते.