अकबरअलीजचा एकच भाव

आमच्या आजीचा एकाच भावावर कधी विश्वास नव्हता. ठाकुरद्वारच्या भाजीवालीपासून मंगळदास मार्केटातल्या कापडवाल्यापर्यंत सगळ्यांशी ती घासाघीस करायची, आणि त्यातही तिची एक रीत होती. वस्तू हातात घ्यायची, नाक मुरडून परत ठेवायची, दोन पावलं पुढे जायचं आणि मागून हाक आली की वळायचं. अशा बाईला आजोबा फोर्टात अकबरअलीजमध्ये घेऊन गेले. तिथे वस्तूवस्तूला किमतीची चिठ्ठी लावलेली. म्हणे, तिने दुकानाच्या मधोमध उभं राहून आजोबांना विचारलं, "अहो, हे मेले माणसाला तोंडच उघडू देत नाहीत का?"

ही गोष्ट माझ्या जन्माआधीची, त्यामुळे सांगणारा बदलला की तीही बदलते. थोरला काका म्हणायचा, दुकान नवं नवं होतं तेव्हाची. आत्या म्हणायची, छे, तेव्हा मी शाळेत जात होते, म्हणजे बरीच नंतरची. पण आजी-आजोबा ट्रामने गेले होते यावर दोघांचं एकमत, आणि मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री धावली. म्हणजे त्याच्या आधीची एवढं धरून चालू.

दुकानाचा मूळ पुरुष जुना. खोराकीवाला हे दाऊदी बोहरा घराणं, आणि त्यांचा व्यवसाय 1897 पासूनचा. सुरुवात छोट्याशा दुकानाने झाली. फाउंटनजवळ, ज्याला आमची म्हातारी माणसं शेवटपर्यंत चर्चगेट स्ट्रीट म्हणत त्या वीर नरिमन रोडवर, डिपार्टमेंट स्टोअर थाटलं ते 1950 च्या दशकात. देशातलं पहिलं डिपार्टमेंट स्टोअर म्हणून त्याचा गवगवा होतो, तो मला पुरता पटत नाही. त्याच्या कितीतरी आधी काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही होतं, हॉर्नबी रोडवर व्हाइटवे लेडलॉ होतं. पण ती साहेबाची दुकानं. आमच्या पणजोबांनी व्हाइटवे लेडलॉच्या काचा फुटपाथवरूनच पाहिल्या. आत जायला कोणी अडवलं नसतं कदाचित, पण पायात तेवढा जोर नव्हता. स्वातंत्र्याच्या तोंडावर त्याच इमारतीत खादी भांडार आलं तेव्हा मात्र ते आवर्जून आत गेले आणि एक पंचा घेऊन आले. स्वदेशीच्या चळवळीतून निघालेलं बॉम्बे स्वदेशी स्टोअर्सही होतंच, पण ते चळवळीचं, सहकारी. एका हिंदी घराण्याने, हिंदी पगारदार माणसासाठी, सुईपासून सुटापर्यंत सगळं एका छपराखाली मांडायचं, हे अकबरअलीजचं खरं वेगळेपण. त्या अर्थाने पहिलं म्हणायचं तर म्हणा.

आणि पगारदार माणूस तेव्हा फोर्टात होता. आमचे आजोबा एका विमा कंपनीत कारकून. 1956 साली सरकारने आयुर्विम्याचा धंदा ताब्यात घेतला, दोनशेच्या वर कंपन्या एकत्र करून 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं केलं, आणि आजोबा खुर्ची न हलवता सरकारी झाले. पगार किती वाढला ते कोणाला आठवत नाही, पण आजोबांची चाल बदलली असं आजी सांगायची. आधी ते ऑफिस सुटल्यावर धोबीतलावमार्गे तडक घरी यायचे, ट्रामचे पैसे वाचवून. नंतर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना उशीर व्हायला लागला. आजीने आधी भलतीच शंका घेतली. मग एकदा त्यांच्या पिशवीत चेरी ब्लॉसमची डबी, दाढीचं क्रीम आणि तिच्यासाठी अफगाण स्नो निघालं, तेव्हा उलगडा झाला.

अफगाण स्नोची बाटली आमच्या फळीवर देवासारखी असायची. ते मुंबईतच बनायचं, पाटणवाला नावाच्या उद्योजकाचं. अफगाणिस्तानच्या राजाने ते पाहून नावाला परवानगी दिली, अशी कथा. आजीला राजाशी काही देणंघेणं नव्हतं. ती ते फक्त लग्नामुंजीला लावायची, तेही बोटाच्या टोकाने. बाटली रिकामी झाली की धुऊन तिच्यात हिंग भरायची. वर्षानुवर्षं आमच्या हिंगाला मंद सुगंध होता. आमटी मात्र कधी बिघडली नाही.

अकबरअलीजमधल्या खरेदीचा एक विधी होता. एका काउंटरवर वस्तू बघायची, तिथला माणूस कार्बन घालून बिल फाडणार, ते घेऊन पैसे भरायला दुसरीकडे जायचं, आणि शिक्का मारलेलं बिल दाखवून पुडकं तिसरीकडे घ्यायचं. हे मी माझ्या आठवणीतलं सांगते आहे, 1970 च्या आसपासचं. आजोबांच्या वेळी काय पद्धत होती देव जाणे. मला त्यात गंमत वाटायची. आजीला त्यात काहीतरी काळंबेरं वाटायचं. वस्तू एकीकडे, पैसे दुसरीकडे, मग भांडायचं कोणाशी? पण हळूहळू तीही विरघळली. तिचं म्हणणं असं की वाण्याकडे पाच मिनिटं घासून दोन आणे वाचतात, पण वजनात तो ते काढून घेतो. इथे निदान डोक्याला ताप नाही. महायुद्धात, 1943 पासून, मुंबईत रेशन सुरू झालं. तिच्या संसाराचा सगळा तरुणपणा रांगेत, पिशवी आणि कार्ड घेऊन गेला. मांडून ठेवलेला माल मनासारखा न्याहाळता येणं, आणि आवडला नाही तर नुसतंच बाहेर पडता येणं, ही तिच्या लेखी मोठीच चैन होती.

पुडक्याचा ब्राउन पेपर आणि दोरा हे वेगळं प्रकरण. दोरा कधी तोडायचा नाही, गाठ सोडवायची. गुंडाळून डब्यात. कागदाला हात फिरवून घड्या मोडायच्या आणि गादीखाली सरकवायचा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की आमच्या वह्यांना तीच कव्हरं.

फाउंटनच्या आठवणी काढायच्या तर दुकानावरच थांबता येत नाही. 21 नोव्हेंबर 1955 ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर तिथे गोळीबार झाला आणि पंधरा माणसं गेली. त्या दिवशी शहरात हरताळ होता. तरी आजोबा ऑफिसात गेले होते की घरीच होते, यावर आमच्याकडे अजून वाद आहे. आत्याच्या मते ते गेले होते आणि फाउंटनच्या आसपासची सगळी दुकानं बंद, रस्त्यावर चपलांचा खच, असं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. काका म्हणायचा, बाबा सरळमार्गी, हरताळ म्हटल्यावर घराबाहेर पडले नसतील. त्यांनी मागाहून ऐकलेलं सांगितलं. मला आठवतं ते इतकंच की हुतात्मा स्मारकावरून जाताना आजोबा टोपी काढायचे. मग तीच टोपी नीट बसवून अकबरअलीजच्या काचेत बघायचे.

दुसरा वाद औषधाचा. पन्नाशीच्या दशकात धाकट्या आत्याला विषमज्वर झाला. क्लोरोमायसेटिन हे नवं औषध तेव्हा आलं होतं, महाग होतं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नव्हतं. आजोबा फोर्टात जाऊन घेऊन आले. थोरली आत्या सांगायची, अकबरअलीजच्या औषधांच्या काउंटरवर एका गृहस्थाने पैसे पुरत नव्हते तरी कॅप्सुली दिल्या, "पगार झाला की द्या" म्हणाला. काका म्हणायचा, ते केम्प कंपनीचं दुकान, अकबरअलीज नव्हेच. धाकटी आत्या जगली, आणि कोणत्या दुकानामुळे हे ठरवायच्या भानगडीत पडली नाही. तिने दोन्ही दुकानांना आयुष्यभर दुवा दिला.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर आमच्या घरी केक आला तोही याच घराण्याच्या पायाने. फोर्टात मोंजिनीज नावाचं दुकान होतं, दोन इटालियन भावांनी काढलेलं. स्वातंत्र्यानंतर ते खोराकीवालांकडे आलं आणि पुढे 1970 च्या दशकापासून गल्लोगल्ली त्याच्या शाखा निघाल्या. माझ्या धाकट्या भावाच्या वाढदिवसाला बाबांनी केक आणला तेव्हा आजीने पहिला प्रश्न विचारला, "अंडं आहे का त्यात?" बाबा म्हणाले, असेल. मग केकला स्वयंपाकघरात बंदी. तो गॅलरीत, स्टुलावर, वर्तमानपत्र घालून कापला. आजीने ओवाळलं ते घरात, पाटावर बसवून, वाटीत शेवयांची खीर देऊन. रात्री मी पाणी प्यायला उठले तर गॅलरीत आजी. अंधारात तिच्या हातात काय होतं ते मला दिसलं नाही, आणि मी विचारलंही नाही. सकाळी खोक्यात एक गुलाबाचं फूल कमी होतं, क्रीमचं.

घराणं पुढे पसरलं. फक्रुद्दीनभाई खोराकीवाला मुंबईचे शेरीफ झाले. हबील खोराकीवालांनी औषधांच्या धंद्यात वोक्हार्ट उभी केली. उपनगरांत अकबरअलीजच्या शाखा निघाल्या. आमचंही घराणं पसरलं, आपापल्या मानाने. काका डोंबिवलीला, आत्या बोरिवलीला, आम्ही मुलुंडला. ठाकुरद्वारच्या दोन खोल्यांत जी माणसं आडवी झोपायची, ती आता दोन रेल्वेमार्गांवर विखुरली.

दुकान मंदावलं त्याला लोक मॉलला दोष देतात. मॉल आले हे खरंच. 1991 साली अंधेरीला शॉपर्स स्टॉप निघालं, 1999 ला हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स. त्याच 1991 नंतर परदेशी मालाचं अप्रूपही सरलं. पण माझ्या मते दुकानाचे पाय त्याच्या आधीच गळाले होते. फोर्टातली ऑफिसं सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंटला सरकली, आमच्या आजोबांच्या महामंडळाचं 'योगक्षेम'ही तिथलंच. नव्वदीत वांद्रे-कुर्ला संकुलाची हवा सुरू झाली. आणि जो कारकून संध्याकाळी पायी घरी जायचा, तो 5:50 ची फास्ट गाठायला धावू लागला. धावणारा माणूस खिडकीत मांडलेला शर्ट बघायला थांबत नाही. अकबरअलीज चालवलं खोराकीवालांनी, पण ते उभं राहिलं ते गिरगावपासून फाउंटनपर्यंतच्या त्या अर्ध्या तासाच्या चालण्यावर. ते चालणं संपल्यावर घराण्याने कितीही हुशारी केली असती तरी जुना डौल टिकला नसता. व्यापारात कमी पडले म्हणून दुकान मागे पडलं, असं कोणी म्हणालं की मला राग येतो तो म्हणूनच.

आमच्याकडे त्या दुकानाचं आता काहीही नाही. ब्राउन पेपर वह्यांना गेला, दोरा पतंगांना, बाटल्या हिंगाला. बिलं आजोबांनी तारेच्या हुकात ओवून ठेवली होती, ती आम्हीच खोली रिकामी करताना रद्दीत घातली. खोराकीवालांचा इतिहास कोणी ना कोणी लिहील. पण 1958 साली गिरगावातल्या कारकुनाने महिन्याला काय घेतलं, किती रुपयांना घेतलं, हे त्या बिलांवरच होतं. तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, पोथीच्या पानांत अकबरअलीजचं किंवा तशाच कुठल्या जुन्या दुकानाचं बिल असेल, तर फेकू नका. मागच्या बाजूला ते कोणाचं, कशाचं, एवढं पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि घरात सांगणारं माणूस अजून असेल तर आजच विचारून घ्या.