रेडिओ तोच होता, मग फरक कशानं पडला?

शाळेला टॅब आले, स्मार्ट टीव्ही आला, आता एआयवाला शिक्षकही येणार म्हणे. फीत कापली जाते, आम्ही बातमीदार फोटो काढून मोकळे होतो. सहा महिन्यांनी त्या टॅबचं काय झालं, हे विचारायला सहसा कुणी जात नाही. पण सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच मराठी मुलखात हे विचारलं गेलं होतं, नुसतं विचारलं नाही तर मोजलंही होतं. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

साल १९५६. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत एक प्रयोग केला. गावं दीडशेच्या आसपास. फेब्रुवारी ते एप्रिल, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास मराठीतून कार्यक्रम. असे एकूण वीस. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावकारभाराचे.

इथपर्यंत विशेष काही नाही. विशेष पुढं आहे. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं एक मंडळ केलं होतं. त्याला रेडिओ फार्म फोरम म्हणत. कल्पना मूळची कॅनडातली, तिथल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतलेली. मंडळींनी एकत्र बसून ऐकायचं, रेडिओ बंद झाला की त्यावर बोलायचं, भांडायचंसुद्धा. संयोजकानं ते टिपून घ्यायचं आणि प्रश्न आकाशवाणीला पाठवायचे. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळायची. म्हणजे शिकणारा नुसता ऐकत नव्हता, पुढं काय शिकवायचं त्यातही त्याचा हात होता.

मोजदाद केली टाटा समाजविज्ञान संस्थेनं, पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली. त्यांनी शहाणपणा असा केला की तुलनेसाठी मंडळ नसलेली गावंही घेतली. त्यातल्या काहींत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारले. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती भरघोस वाढली होती. मंडळ नसलेल्या गावांत वाढ नावापुरती, मग रेडिओ असला तरी! शिवाय मंडळांच्या पुढाकारानं काही ठिकाणी विहिरी खणल्या गेल्या, बालवाड्या निघाल्या. तीन महिन्यांच्या आत.

माझ्या मते आपल्या शिक्षण खात्यानं भिंतीवर लावून ठेवावा असा हा निष्कर्ष आहे. यंत्र तेच, कार्यक्रम तोच. फरक पाडला तो सोबत बसण्यानं आणि उलट विचारता येण्यानं.

१९५९ मध्ये ही योजना देशभर नेली. मंडळांची संख्या हजारांवर गेली, पण हळूहळू ती थंडावली. संख्या वाढवणं सोपं असतं, प्रत्येक गावाच्या पत्राला उत्तर देणं अवघड.

मग आला उपग्रह. १ ऑगस्ट १९७५ पासून बरोबर एक वर्ष, अमेरिकेच्या एटीएस-६ वरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही दाखवला गेला. ‘साइट’ प्रयोग तो हाच. (महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.) सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. काम खरंच अफाट होतं, इस्रोनं संशोधक गावांत राहायलाही पाठवले होते. पण गावाला उलट बोलायची सोय त्या संचात नव्हती. संध्याकाळी अर्धा तास दिल्लीचा हिंदी कार्यक्रम सगळ्यांना सारखाच, मग गाव कर्नाटकातलं का असेना. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला.

त्याच काळात गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पिज गावी एक छोटं प्रक्षेपण केंद्र चाललं होतं. टीव्ही संच दूध सोसायट्यांत ठेवलेले, कारण गाव तिथं तसंही रोज जमतंच. बोली चरोतरची, विषय मजुरी, जातीचा जाच, सरकारी कचेरीतली अडवणूक. कार्यक्रम करणारे गावात जाऊन बसत, गावकरीच कॅमेऱ्यासमोर येत. १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढं तेही बंद झालं.

आता आपल्याकडं या. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, दीक्षा ॲप आहे. सामग्रीची वानवा नाही. पण ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या पोराला हंगामात काय लागतं, भिल्ली किंवा कोरकू बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलीला त्या व्हिडिओतलं किती कळतं, हे ठरवायला बसलेल्या खोलीत तिची बाई असते का? खरेदीच्या निविदेत रॅम किती, बॅटरी किती, हे सगळं असतं. ‘शिक्षकांनी कळवलेल्या अडचणीवर किती दिवसांत बदल करणार’ ही अट मी तरी आजवर एकाही निविदेत वाचलेली नाही.

येत्या ग्रामसभेत शाळेच्या साहित्याचा विषय निघाला, तर एवढंच विचारा: मुलांना हे समजलं नाही तर कळवायचं कुणाला, आणि उत्तर कधी येणार? काय उत्तर मिळतं ते मला सांगा, मी छापतो.

आणि एक. १९५६ साली विशीत असलेली माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत. तुमच्या घरात, गावात कुणी त्या रेडिओ मंडळात बसलेलं असेल, तर आठवणी लिहून घ्या. फार वेळ उरलेला नाही.