लाल शिक्क्याची फाईल

मागच्या शनिवारी भोसरी एमआयडीसीत काकांच्या वर्कशॉपवर गेलो होतो. त्यांचं एक जुनं सीएनसी मशीन अजून डॉसवाल्या पीसीकडून प्रोग्रॅम घेतं. पीसीची हार्डडिस्क उडाली आणि प्रोग्रॅम पाठवणारं पिटुकलं सॉफ्टवेअरही गेलं. चाकणला जायचा माल अडकला. "तू कॉम्प्युटरवाला ना? आण कुठून तरी!" झालं... अख्खी रात्र शोधाशोध.

शेवटी सापडलं ते सिमटेलच्या एका जुन्या सीडीत. आता हे सिमटेल काय प्रकरण? १९७९ साली अमेरिकेत एमआयटीच्या एका कॉम्प्युटरवर हा फुकट सॉफ्टवेअरचा साठा सुरू झाला. आधी सीपी/एमचा, मग डॉसचा. १९८३ मध्ये तो व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र चाचणी तळावर हलला. १९९३ मध्ये तिथूनही उठला आणि वॉलनट क्रीक नावाच्या कंपनीकडे गेला. २०१३ मध्ये सिमटेल कायमचं बंद! पण वॉलनट क्रीकने त्याच्या सीडी विकल्या होत्या. लोकांनी त्या जपल्या, पुढे इंटरनेट आर्काइव्हवर चढवल्या. म्हणून रविवारी काकांचं मशीन फिरलं.

मग काय, जुनं सगळं ठेवायचं? तेही इतकं सोपं नाही बरं का. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे मधलं भयंकर भोक उघडकीला आलं. नवी आवृत्ती आली, तरी जुन्या आवृत्त्या मेव्हन सेंट्रलवर तशाच होत्या आणि लोक त्या उतरवतच राहिले. बरं, काढून टाकल्या असत्या तर? मार्च २०१६ मध्ये एका माणसाने एनपीएमवरून लेफ्ट-पॅड ही आपली ११ ओळींची फाईल काढून घेतली आणि जगभरातले बिल्ड धडाधड कोसळले. एनपीएमला ती परत आणावी लागली, नियमही कडक करावे लागले. म्हणजे ठेवलं तर धोका, काढलं तर घोटाळा!

हे सगळं काकांना सांगितलं, तर ते हसले. कपाटातून एक फाईल काढली. आत एका पार्टची जुनी ड्रॉइंग्ज, प्रत्येकावर लाल शिक्का : ऑब्सोलीट. "जुना पार्ट रिपेअरला आला तर ही लागतात. पण मशीनपाशी न्यायची नाहीत. चुकून जुन्या रिव्हिजनवर माल काढला तर अख्खा लॉट रिजेक्ट." आयएसओ ९००१ च्या २००० सालच्या आवृत्तीतही हेच लिहिलं होतं : कालबाह्य कागद चुकून वापरात येऊ देऊ नका, आणि ठेवायचेच असतील तर त्यावर तशी खूण करा. पिंपरी-चिंचवडमध्ये ऑडिटला सामोऱ्या गेलेल्या कुठल्याही वर्कशॉपवाल्याला हे पाठ असतं.

सॉफ्टवेअरच्या जगातही काही शहाण्यांनी हे केलंय. टेक्सवाल्यांचं सीटॅन हे भांडार १९९२ मध्ये उभं राहिलं. त्यात 'ऑब्सोलीट' नावाचं वेगळं दालनच आहे. जुनं पॅकेज मरत नाही, फक्त समोरच्या फळीवरून मागे जातं.

असो. सोमवारी ऑफिसला जाऊन आमच्या टीमचा सर्व्हर उघडला. 'फायनल', 'फायनल_नवीन', 'फायनल_नवीन_२'... यातलं खरं कुठलं, ते देव जाणे. डिलीट करायला हात शिवशिवत होता. नाही केलं. आधी 'ऑब्सोलीट' नावाचा एक फोल्डर केला :)