प्रस्तावना : कोळशानंतरची वीज

या विषयाकडे वळणारे बहुतेक जण हवामानबदलाच्या काळजीपोटी येतात. त्यांचे स्वागतच आहे; मात्र इथे गिरणीच्या चिमणीपेक्षा फिरत्या चाकाविषयी जास्त वाचावे लागेल, एवढी तयारी ठेवावी.

सार्वजनिक वापरासाठी कोळशावर वीज करायला लंडनच्या होलबर्न व्हायाडक्टवर १८८२ साली सुरुवात झाली. त्याच देशातले शेवटचे कोळशाचे वीज केंद्र, नॉटिंगहॅमशायरमधले रॅटक्लिफ-ऑन-सोअर, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद पडले. २०१२ पर्यंत ब्रिटनची सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती, म्हणजे खरी उतरण बारा वर्षांतलीच. तिचे सगळे श्रेय पवनचक्क्यांना देऊन टाकतात, ते मला पटत नाही. २०१३ पासून कार्बनला लावलेली किमान किंमत, युरोपचे प्रदूषणाचे नियम आणि गुपचूप जागा भरून काढणारा नैसर्गिक वायू हेही त्यात वाटेकरी आहेत. (ड्रॅक्सच्या एकेकाळच्या कोळसाकेंद्रात आता लाकडाच्या गोळ्या जाळतात आणि ती वीज नवीकरणीय धरतात. त्यावरचा वाद मिटलेला नाही.)

अभ्यासाला कुठून हात घालावा, असे विचाराल तर मी ९ ऑगस्ट २०१९ ची संध्याकाळ सुचवीन. इंग्लंडमध्ये एका वाहिनीवर वीज कोसळली आणि पाठोपाठ हॉर्नसीच्या समुद्री पवनप्रकल्पाची बरीचशी वीज व लिटल बारफर्डचे वायुकेंद्र ग्रिडवरून सुटले. ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी ४८.८ वर घसरली, दहा लाखांहून अधिक ग्राहक अंधारात गेले, रेल्वेगाड्या जागच्या जागी अडकल्या. औष्णिक केंद्राचा जनित्रसंच साधारणपणे मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेतो. अचानक तूट पडली की त्याचे शेकडो टनांचे फिरते वजन पहिले काही सेकंद ती भरून काढते. सौर पॅनेल इन्व्हर्टरमार्गे जोडलेले असते. त्याच्यामागे असे वजन नसते. म्हणून आयर्लंडमध्ये मनीपॉइंटच्या, २०२५ पर्यंत कोळशावर चाललेल्या केंद्राच्याच आवारात एक अवजड चाक बसवले आहे. ते वीज तयार करत नाही, नुसते फिरत राहते.

चंद्रपूर-कोराडीकडचे वाचक बहुधा रोजगाराचे प्रकरण आधी उघडतील. जरूर उघडावे. पण केलिंगली ही ब्रिटनची शेवटची खोल कोळसाखाण डिसेंबर २०१५ मध्येच बंद झाली. त्यानंतर केंद्रे मुख्यतः आयात कोळशावर चालली. चंद्रपुरात खाण आणि केंद्र एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे तिथे ब्रिटनचे वेळापत्रक उतरवून घेता येणार नाही.