गहाळ उपकरणाचा पुरावा : जर्मन पाणबुडी यू-५०५ आणि मुरगाव बंदरातील ‘एरेनफेल्स’

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुड्यांचा अभ्यास मुख्यतः बुडविलेल्या जहाजांच्या आकड्यांवरून झाला. पाणबुडीच्या अंतर्भागातील उपकरणे कोठून आली व कोठे गेली, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. गोव्याच्या इतिहासातील एक वाद मात्र अशाच एका गहाळ उपकरणाशी निगडित आहे.

महायुद्ध सुरू झाल्यावर ‘एरेनफेल्स’सह तीन जर्मन मालवाहू जहाजे पोर्तुगीज अमलाखालील, म्हणजेच तटस्थ, मुरगाव बंदरात आश्रयास होती. ‘एरेनफेल्स’वरील गुप्त प्रेषकयंत्रातून पाणबुड्यांना दोस्तांच्या जहाजांची माहिती मिळते, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ रोजी कलकत्ता लाइट हॉर्स व कलकत्ता स्कॉटिश या दलांचे १८ स्वयंसेवक ‘फीबी’ या बोटीतून बंदरात शिरले. जहाजाचा कप्तान मारला गेला आणि खलाशांनी जहाज स्वतःच बुडविले. जेम्स लीझर यांचे पुस्तक (१९७८) व त्यावरील चित्रपट (१९८०) यांमुळे ही हकिकत प्रसिद्ध झाली. चित्रपटामुळे संशयालाच सिद्धतेचे रूप आले, हेही खरे.

वस्तुतः प्रत्येक मोठ्या व्यापारी जहाजावर बिनतारी संच असतोच. त्यामुळे केवळ यंत्राच्या अस्तित्वाने काही सिद्ध होत नाही; त्याची शक्ती, लहरलांबी व सांकेतिक पुस्तिका पाहाव्या लागतात. शिवाय पाणबुड्यांचे संदेशवहन मुख्यतः युरोपातील मुख्यालयामार्फत चाले. ‘मोन्सून’ गटाच्या पाणबुड्या तर १९४३ च्या उत्तरार्धात, म्हणजे या छाप्यानंतर, अरबी समुद्रात पोहोचल्या. तटस्थ बंदराच्या भंगास दिलेले समर्थन म्हणूनच दुबळे ठरते.

संदेश घेणारे टोक कसे होते, हे मात्र आज पाहता येते. यू-५०५ ही पाणबुडी ४ जून १९४४ रोजी अमेरिकी नौदलाने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत पकडली. तिच्यातील एनिग्मा यंत्रे व संकेतपुस्तिका तत्काळ काढून घेण्यात आल्या. पुढे पोर्ट्समथच्या गोदीत तिच्यातील बरीच सामग्री काढली गेली. १९५४ मध्ये ती शिकागोच्या संग्रहालयात आली तेव्हा आत रिकाम्या जागाच अधिक होत्या. संग्रहालयाने मूळ जर्मन उत्पादकांशी पत्रव्यवहार केला आणि अनेकांनी हरवलेले भाग विनामूल्य पुरविले. एक परिदर्शक तर कॅलिफोर्नियातील नौदलाच्या प्रयोगशाळेत आढळला व २००३ मध्ये संग्रहालयास मिळाला.

हे शक्य झाले, कारण सांगाडा शाबूत होता. भिंतीवरील रिकामी जागा, खिळ्यांची छिद्रे व नळ्यांची तोंडे यांवरून तेथे कोणते यंत्र होते हे ठरविता येते. बिनतारी कक्ष कप्तानाच्या झोपण्याच्या जागेसमोरच आहे. आलेला संदेश त्याच्यापर्यंत दोन पावलांत पोहोचे. ‘एरेनफेल्स’चा बिनतारी कक्ष मात्र जहाजाबरोबर मुरगावच्या पाण्यात गेला, आणि मागे उरल्या त्या छापा घालणाऱ्यांच्याच आठवणी.