कागद काय म्हणतो?



मी इंजिनिअर, इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण आपली मुलं हल्ली पाठ्यपुस्तकाच्या आधी मोबाइलवर इतिहास शिकतात. म्हणून ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरून येणाऱ्या एका मजकुराबद्दल लिहिते.

मजकूर आहे मेकॉलेच्या भाषणाचा. २ फेब्रुवारी १८३५ रोजी तो ब्रिटिश पार्लमेंटमध्ये म्हणाला म्हणे, की मी भारतभर फिरलो, पण एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही; हा देश जिंकायचा तर त्याची शिक्षणपद्धती मोडा. वाचून ऊर भरून येतो, रागही येतो. अडचण एवढीच, की त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच. जून १८३४ मध्ये तो मद्रासला उतरला आणि गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य म्हणून त्या फेब्रुवारीत कलकत्त्यात होता. तेव्हा जहाजानं इंग्लंड गाठायला काही महिने लागत.

त्याच तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण मात्र खरं आहे आणि आजही वाचायला मिळतं. त्यात भारताची स्तुती औषधालाही नाही. आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही, हे तो स्वतःच सांगतो. तरीही चांगल्या युरोपीय ग्रंथालयातली एक फळी भारत आणि अरबस्तानच्या साऱ्या वाङ्मयापेक्षा मोलाची ठरवतो. ७ मार्च १८३५ ला बेंटिंकच्या सरकारनं इंग्रजी शिक्षणाच्या बाजूनं ठराव केला. मेकॉलेला जाब विचारायला हा खरा कागद पुरेसा आहे. खोटं भाषण पुढे केलं, की समोरचा ते मिनिटात खोडतो आणि मग आपल्या खऱ्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. नुकसान आपलंच.

आमच्या कामात सिस्टिम बंद पडली, की तर्क लढवण्याआधी लॉग उघडतात: काय झालं, किती वाजता, कुठल्या मशीनवर? इतिहासाचार्य राजवाडे हेच वेगळ्या शब्दांत सांगत होते. गावोगावची दफ्तरं धुंडाळून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला; पुढे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, बखर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली, हे विचारण्याची सवय मराठी माणसाला शंभर वर्षांपूर्वीच लागली होती. ती मोबाइलपुढे का सुटावी?

शाळेत आजही इतिहास शिकवणाऱ्यांना एक विनंती. आठवड्यातून एक तास मुलांनाच एखादा फॉरवर्ड आणू द्या. फळ्यावर तीन प्रश्न लिहा: कोण म्हणालं, केव्हा, आणि तेव्हा तो कुठे होता? उत्तर तुम्ही सांगू नका, त्यांना शोधू द्या. सनावळ्या विसरल्या तर विसरू देत. हे तीन प्रश्न जन्मभर पुरतील.

आणि आपण पालकांनी? पुढे पाठवण्याआधी तेच तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. आपण काय पाठवतो, हे मुलं बघत असतात.